पाद्र्याच्या डोहातला उभा माणूस

माझा मामा फार्कर गन हा कॅलन नदीवरचा सगळ्यात सभ्य माणूस. हे मी कौतुकाने म्हणत नाहीये. याच सभ्यपणापायी गेल्या सप्टेंबरात त्याने एका बाईला जवळजवळ आठवडाभर नदीच्या काठावर बसवून ठेवलं होतं.

मामा गिली आहे. नदीच्या एका तुकड्यावर, त्याला आम्ही बीट म्हणतो, आठवड्याच्या बोलीने पाहुणे येतात. त्यांना सॅमन मासा कुठल्या दगडाआड उभा असेल ते दाखवायचं, दोरीच्या टोकाला पिसांची कुठली माशी बांधायची ते ठरवायचं, मासा लागला की जाळी धरायची, तोंडातला गळ काढून त्याला परत पाण्यात सोडायचं, आणि मासा लागला नाही तर दोष पाण्याला द्यायचा. यातलं शेवटचं काम सगळ्यात जास्त वेळा करावं लागतं. मीही तेच करतो, पण पलीकडच्या काठावर. नदी एक, मालक दोन. डावा काठ मामाच्या मालकाचा, उजवा माझ्या. त्यामुळे आम्ही मामाभाचे दिवसभर समोरासमोर उभे असतो आणि ओरडून ओरडून एकमेकांचा अपमान करतो. पाण्याच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू येत नाही, हे एक कारण. दुसरं म्हणजे घरी डोलिनामामी मामाला बोलायची फारशी संधी देत नाही.

मामाचा जन्म बीटवरच्या घरातलाच. आजोबाही गिली होते. मामा एकदाच नदी सोडून गेला, समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर कामाला. पण तिथलं पाणी कुठूनही येतं आणि कुठेही जातं, ते काही त्याला सोसलं नाही. तो परत आला, टाय बांधून नदीवर उभा राहिला, तो आजतागायत उभा आहे. रविवारी आमच्याकडे कोणी मासे धरायची काठी उचलत नाही. त्या दिवशी मामा काळा सूट घालून चर्चमध्ये स्तोत्राची पहिली ओळ उचलतो आणि बाकीचे त्याच्यामागून गातात. वाद्य नाही, काही नाही. कोणी आधी आणि कोणी मागून, हे मामाच्या अंगात इतकं मुरलंय की घरात दारातून जाताना तो मांजरालाही वाट देतो.

नदीवर तर हे आणखीच कडक. डोहात उतरायची रीत अशी की वरच्या तोंडाशी पाण्यात शिरायचं, दोरी फेकायची, ती प्रवाहात वळून काठाला आली की एक पाऊल खाली सरकायचं. पुन्हा दोरी, पुन्हा एक पाऊल. मागून येणारा तुमच्या पावलावर पाऊल टाकत येतो. कोणी कोणाच्या पुढे उतरायचं नाही आणि कोणी एका जागी ठाण मांडायचं नाही. इथे एखाद्याने बायको सोडली तर लोक निदान का सोडली म्हणून विचारतील. तोच दुसऱ्याच्या पुढे पाण्यात उतरला तर काही विचारणार नाहीत. बोलणंच बंद.

हंगामाचा शेवटचा आठवडा वर्षानुवर्षं मिस्टर टेंपलटन यांचा होता. उंच, ताठ, कमी बोलणारे. गिलीने काठावर थांबायचं, पाण्यात यायचं नाही, असा त्यांचा हुकूम. काही वर्षांपूर्वी याच आठवड्यात पाद्र्याच्या डोहात, मधल्या मोठ्या दगडाच्या खाली, ते आडवे झाले. कुठला पाद्री आणि त्याने तिथे काय केलं होतं, हे गावात कोणी सांगत नाही, पण डोहाला नाव ते आहे. मामा कपड्यांनिशी गळ्याएवढ्या पाण्यात धावला आणि डोहाच्या शेपटीशी, म्हणजे खालच्या टोकाला, त्याने त्यांना ओढून काढलं. तोवर सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाला, हृदय आधीच थांबलं असणार. मामा म्हणाला, असेल.

त्यानंतर त्या आठवड्याला टेंपलटनांचे दोस्त यायला लागले. मामा त्यांना पाद्र्याच्या डोहावर आणायचा आणि काठावरच्या बाकावर बसवून चहा पाजायचा. चांगला निवांत. "डोहाला जरा विश्रांती देऊ या," म्हणायचा. मग एकेकाला उतरवायचा. मासे मिळायचे. त्यामुळे सगळे म्हणायचे, वा, फार्करला पाणी कळतं बुवा.

गेल्या वर्षी दोस्तांनी तो आठवडा टेंपलटनांच्या मुलीला सोडला. एकदाच, तिने फार आग्रह केला म्हणून. पुढच्या वर्षीपासून तो त्यांच्या जावयांत वाटला गेलाय. तिचं नाव हेस्टर. न्यूकासलला दातांची डॉक्टर आहे. वय पन्नाशीच्या आसपास, केस आखूड, आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलायची सवय. माझ्याशी पहिल्यांदा बोलली तेव्हा मी आपोआप ओठ मिटून घेतले.

आल्या आल्या ती मामाला म्हणाली, "फार्कर, मला मासा नको. मिळाला तर नाही म्हणणार नाही. पण पाद्र्याचा डोह मला एकदा वरपासून खालपर्यंत उतरायचाय. बाबा दरवर्षी म्हणायचे, पुढच्या वर्षी तुला नेतो. एवढं झालं की मी गपचूप घरी जाईन."

"होईल की मॅडम," मामा म्हणाला.

सोमवारी दुपारी मी माझ्या काठावरून बघत होतो. त्या आठवड्यातला माझा पाहुणा मिस्टर डेक्कर हा जेवण झालं की झोपणारा, त्यामुळे बघायला मला वेळच वेळ. हेस्टरबाई छातीपर्यंतची नवीकोरी रबरी विजार घालून, काठी घेऊन पाण्याकडे निघाली. मामाने हात आडवा केला. काय बोलला ते ऐकू आलं नाही, पण नंतर तिनेच सांगितलं.

"जरा थांबा, मॅडम. पुढे माणूस आहे."

"कुठे?"

"मोठ्या दगडाशी. जाईल तो खाली. तोवर चहा घ्या."

आणि ती बसली. इंग्रज माणसाला पुढे कोणीतरी आहे असं सांगितलं की तो थांबतो. कोण आहे ते नंतर बघतो.

डोहात कोणी नव्हतं. नदी उतरलेली, पाणी काचेसारखं, तळातला गोटा न् गोटा दिसत होता. चहा झाला, दुसरा झाला, उन्हं कलली.

"मामा!" मी ओरडलो. "डोह रिकामा पडलाय! डोळा लागला का?"

"तू तुझं बघ!" पलीकडून उत्तर आलं. "तुझ्या पाहुण्याच्या घोरण्याने मासे घाबरून माझ्याकडे येताहेत!"

उत्तर नेहमीचंच, पण आवाज नेहमीचा नव्हता. शेवटी मामाने तिला खालच्या पुलाजवळ नेलं. तिथे काठावरून तिने दोरी फेकली आणि मी बघतच राहिलो. झकास फेकत होती. दोरी हवेतून उलगडून पाण्यावर अशी पडायची की पाण्याला पत्ता लागू नये.

मंगळवारी पुन्हा तेच. बाक, चहा, पुढे माणूस आहे. मामा मधूनमधून उठायचा, पाण्यापाशी जायचा आणि दगडाकडे बघत राहायचा. एकदा मी बघितलं, त्याने रिकाम्या डोहाकडे बघून टोपीला हात लावला. चौकात ओळखीचं कोणी दिसलं की लावतो तसा. त्यानंतर मात्र मी ओरडलो नाही.

बुधवारी संध्याकाळी मी मामाच्या घरी गेलो. मामीने जवाचं सूप वाढलं, ओटच्या भाकऱ्या ठेवल्या.

"मामा, त्या बाईला का छळतोयस?" मी विचारलं.

"कोण छळतंय?"

"सांगून टाक त्याला," मामी म्हणाली. "मला सांगितलंस तसं. नाहीतर हा गावभर काहीतरी तिसरंच सांगत फिरेल."

"मी चर्चमधला माणूस आहे, डोलिना. असल्या गोष्टी बोलायच्या नसतात."

"बघायच्याही नसतात. ते बरं जमतं तुला."

मामाने चमचा खाली ठेवला. "टेंपलटन आहेत तिथे," तो म्हणाला.

मी सूप पीत राहिलो. दुसरं काय करणार?

"दरवर्षी असतात. याच आठवड्यात. वरच्या तोंडाशी शिरतात, दोरी टाकतात, एक पाऊल. दोरी टाकतात, एक पाऊल. शेपटीपर्यंत जातात आणि मग नसतात. ते गेले की मी पाहुण्याला सोडतो."

"म्हणजे त्या बिचाऱ्या दोस्तांना तू इतकी वर्षं..."

"मग काय, त्यांच्या पुढे उतरवू? कसं दिसेल ते?"

मला हसू आलं. मामी हसली नाही. मग मीही आवरलं.

"मग यंदा काय अडलं?"

"यंदा ते सरकत नाहीत. सोमवारपासून दगडाच्या खाली उभे आहेत. एकाच जागी."

"मग सांग त्यांना, साहेब, जरा पुढे व्हा."

"मी?" मामाचा चेहरा असा झाला, जणू मी त्याला चर्चमध्ये शीळ घालायला सांगितलं होतं. "गिली पाहुण्याला हलवत नाही. मागून येणाऱ्या पाहुण्याने विचारायचं असतं, ती रीत आहे."

"म्हणजे हेस्टरबाईने विचारायचं? बाबा, सरका?"

"फिनले, तोंड आवर," मामी म्हणाली.

मामा खिडकीकडे बघत होता. खिडकीतून नदी दिसत नाही, नुसती ऐकू येते. "आणि यंदा त्यांच्याकडे काठी नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "हात रिकामे आहेत. तोंड वरच्या बाजूला. ती जिथून उतरणार ना, तिकडेच बघताहेत. ते पोरीची वाट बघताहेत, एवढं मला कळतं. पण कशासाठी? तिला न्यायला आले असतील तर? मी एकाला त्या पाण्यातून ओढून काढलंय, पोरा. दुसऱ्याला काढायचं बळ आता माझ्यात नाही."

सूप गार झालं. मामीने ते परत गरम करायला नेलं. तिच्या हातून असं कधी होत नाही, एरवी ती गार झालेलं तसंच प्यायला लावते.

गुरुवारी दुपारी डेक्कर झोपल्यावर मी होडी घेऊन पलीकडे गेलो. मामा एकटा पडू नये म्हणून गेलो, असं म्हणायला हरकत नाही. बाकावर हेस्टरबाई मध्ये, आम्ही दोघं दोन बाजूंना. ती सँडविच खात होती. घास गिळून झाल्यावर तिने विचारलं, कुठला दात दुखतो हे विचारावं तितक्या सहज:

"फार्कर, पुढे कोण आहे?"

मामाने माझ्याकडे बघितलं. मी माझे बूट बघायला लागलो. मामाला खोटं बोलता येत नाही. तो नुसता लांबणीवर टाकतो, आणि लांबणीवर टाकायला आता दिवस उरले नव्हते.

"तुमचे वडील, मॅडम."

तिने उरलेलं सँडविच कागदात गुंडाळलं. घडी नीट बसली नाही, पुन्हा घातली.

"कुठे?"

"दगडाच्या खाली. कमरेएवढ्या पाण्यात."

"कसे दिसतात?"

"हिरवी टोपी आहे. ओली आहे." मामाने पुन्हा एकदा डोहाकडे बघून घेतलं. "रागावलेले दिसत नाहीत."

"बाबा रागावले तरी दिसायचे नाहीत," ती म्हणाली. मग बराच वेळ डोहाकडे बघत राहिली. तिला काही दिसत नव्हतं हे उघड होतं. पण ज्या जागेकडे ती बघत होती ती जागा बरोबर होती. "आणि काठी?"

"काठी नाही."

"मला पाण्यात चालता येत नाही, फार्कर," ती म्हणाली. "दोरी फेकायला बाबांनी घरामागच्या हिरवळीवर शिकवलं. माशीच्या जागी लोकरीचा गोंडा बांधून. शेजारी हसायचे. पाण्यात कसं चालायचं ते नदीवर शिकवीन म्हणायचे. ते राहिलं."

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं. "मामा," मी म्हणालो, "काठीशिवाय पाण्यात उभा राहणारा माणूस आपल्याकडे कोण असतो?"

मामा दगडाकडे बघत होता.

"आपणच ना! मॅडम, नवखा पाहुणा उतरला की गिली त्याच्या खालच्या अंगाला, हातभर अंतरावर उभा राहतो. तोंड वरच्या प्रवाहाकडे करून, हात मोकळे ठेवून. पाय सुटला तर माणूस वाहत खालीच येणार, तेव्हा धरायला कोणी हवं म्हणून. तुमचे वडील अडवत नाहीयेत. ते तुमचे गिली झालेत!"

मला माझीच पाठ थोपटावीशी वाटली. हेस्टरबाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"किंवा बुडालेला," मामा म्हणाला.

"काय?"

"काठीशिवाय पाण्यात असतो तो गिली. किंवा बुडालेला." पाहुण्यासमोर मामा इतकं कडू बोलल्याचं मी आयुष्यात त्या एकदाच ऐकलं. बोलून झाल्यावर त्याने टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

हेस्टरबाईने रुमालाने नाक पुसलं. "दोन्हींतलं कुठलं, हे इथे बाकावर बसून कळायचं नाही. हो ना?"

"नाही, मॅडम."

"मग?"

"आज नको," मामा म्हणाला. "एवढं ऐका माझं."

तिने ऐकलं. मला वाटतं, तिलाही भीती वाटत होती. पण तिने ती दाखवली नाही. बापाचीच मुलगी.

शुक्रवारी डोंगरात पाऊस झाला आणि नदी चढली. आमच्या नदीला पूर आला की पाण्याचा रंग कडक काळ्या चहासारखा होतो, तळ दिसेनासा होतो, आणि एरवी खळखळणारं पाणी घसा बसल्यासारखं घोगरं बोलायला लागतं. पाद्र्याच्या डोहातल्या मोठ्या दगडाचा फक्त माथा वर राहिला. कोणी पाण्याजवळ गेलं नाही. मामा तेवढा छत्री न घेता काठावर उभा होता. मी पलीकडून विचारलं, "आहेत का?" त्याने मान हलवली. आहेत.

शनिवारी पाणी थोडं उतरलं, पण रंग तोच होता. संध्याकाळी नदी मासेमारीला बंद होणार होती, ती थेट थंडी सरेपर्यंत. दुपारी हेस्टरबाई विजार चढवून, काठी घेऊन डोहाच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. हे त्यांचं बोलणं मला ऐकू आलं, कारण दोघंही मोठ्याने बोलत होते.

"फार्कर, आज मी उतरणार आहे. अडवणार असाल तर आत्ताच सांगा, म्हणजे भांडण लवकर उरकून घेऊ."

"पाणी वाईट आहे, मॅडम."

"पुढच्या वर्षी चांगलं असेल, पण मी नसेन."

मामा बघत राहिला. तिच्याकडे नाही, दगडाकडे. मग म्हणाला, "थांबा."

"पुन्हा थांबा?"

"या वेळी थोडंच."

त्याने कोट काढला, टाय सोडला आणि दोन्ही नीट घडी करून बाकावर ठेवले. मामाला टायशिवाय मी फक्त आजारपणात बघितलंय. हातातला लांब सोटा तळाला टेकत तो दगडाच्या खालच्या अंगाने पाण्यात शिरला. पाणी मांडीला आलं, कमरेला आलं. साठी उलटलेला माणूस, पण पाय असे टाकत होता की जणू अंधारात आपल्या घरातून चालतोय. दगडाच्या खाली एका जागी तो थांबला. टोपी काढली. काहीतरी बोलला. पाण्याच्या आवाजात मला शब्द कळले नाहीत, आणि त्याने नंतरही कधी सांगितले नाहीत. मग तो वाट बघत उभा राहिला, दारावर टकटक करून उभं राहतात तसा.

थोड्या वेळाने त्याने आणखी एक पाऊल टाकलं, टोपी डोक्यावर घातली, सोटा कमरेच्या पट्ट्यात खोचला, वरच्या बाजूला तोंड वळवलं आणि हात मोकळे सोडले.

"या, मॅडम!" त्याने हाक दिली. "सावकाश. पाय घासत. उचलू नका."

ती उतरली. दोरी फेकली, दोरी वळून काठाला आली, एक पाऊल. दोरी, एक पाऊल. मला बसवेना. डेक्कर जागा होऊन माझ्या मागे येऊन उभा राहिला.

"काय चाललंय?"

"डोह उतरताहेत."

"मासा आहे का?"

"नाही."

"मग तू इतका का घाबरलायस?"

ती दगडाच्या बाजूला आली होती. तिथे तळ एकदम खाली जातो, हे मला माहीत होतं, मामाला माहीत होतं आणि पाण्यात नवखं असलेल्याला कधीच माहीत नसतं. तिची काठी आकाशात उंच गेली, शरीर कलंडलं आणि ती कुशीवर पडून वाहायला लागली. मामाने झेप घेतली. तिच्या विजारीचा खांद्याचा पट्टा त्याच्या हातात आला. पण तिचं सगळं वजन आणि पाण्याचा सगळा जोर त्याच्यावर आला तेव्हा दोघांचाही तोल गेला. दोघं मागे, खालच्या बाजूला पडले.

आणि पडले नाहीत. हे मी जसं बघितलं तसंच सांगतोय, याहून नीट मला सांगता येणार नाही. मामाची पाठ मागे गेली आणि थांबली. भिंतीला टेकावी तशी. त्याच्या मागे भिंत नव्हती, दगड नव्हता, नुसतं धावतं काळं पाणी होतं. क्षणभर ती दोघं तशी कललेली राहिली. मग मामाने पाय रोवले, तिला सरळ केलं, तिच्या हातात काठी दिली.

"परत जायचं?" त्याने विचारलं असावं, कारण तिने जोरजोरात मान हलवली. नाही.

"मग दोरी फेका," मामा ओरडला. "इथे उभं राहायचं नाही. एका जागी उभं राहायचं नाही!"

तिने दोरी फेकली. दोरीचा गुंता पाण्यावर पडला, कुठल्याही माशाने बघून हसावं असा. पण पुढचं पाऊल तिने टाकलं. मामा तिच्या पुढे, उलट्या पावलांनी, तिच्याकडे तोंड करून खाली खाली सरकत गेला आणि ती त्याच्यामागून. शेपटीपर्यंत. मासा लागला नाही. माशाचा तिथे काही संबंधच नव्हता.

मी होडी घेऊन निघालो. डोहाच्या शेपटीशी वाळूवर दोघं बसली होती, ओलीचिंब. मी व्हिस्कीची छोटी बाटली दिली. बाईने घोट घेऊन मामाला दिली, आणि चर्चमध्ये ओळ उचलणाऱ्या मामाने शनिवारी संध्याकाळी, रविवार उंबऱ्याशी आलेला असताना, दोन मोठे घोट घेतले.

"फार्कर," बाई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "तुम्ही धरलंत मला?"

"पट्टा मी धरला."

"आणि तुम्हाला?"

मामाने बाटलीचं झाकण घट्ट लावलं. "मला बघता आलं नाही, मॅडम. गिली पाण्यात असला की त्याची नजर पाहुण्यावरून हलत नाही. मी तुमच्याकडे बघत होतो. सगळा वेळ तुमच्याकडेच."

"आता बघा. आहेत का अजून?"

मामा नदीकडे पाठ करून बसला होता. मोजा पिळत होता. "नको," तो म्हणाला. "त्यांना जायचं असेल तर कोणी टक लावून बघू नये."

बाईने पाण्यावर हात ठेवला, घोड्याच्या मानेवर ठेवतात तसा, आणि थोड्या वेळाने उठली. मामाने तिची काठी खांद्यावर घेतली आणि ती दोघं पायवाटेने वर गेली. ती एकदा वळली. मामा वळला नाही.

मी होडी पाण्यात ढकलली. वल्ही मारणाऱ्याचं तोंड जिकडे जायचंय तिकडे नसतं, त्यामुळे नको असलं तरी डोळे फिरत फिरत डोहाकडे जात होते. उजेड अजून होता. मोठ्या दगडाच्या खाली पाण्याला एक घडी पडली होती. कमरेएवढ्या पाण्यात माणूस उभा असला की त्याच्या दोन बाजूंनी पाणी फुटून जशी पडते तशी. तळाशी एखादा दगड असेल, मी स्वतःला म्हटलं. पण मी त्याच डोहावर वाढलोय. तिथे दगड नाही.

मग ती घडी सरकली. खाली, शेपटीच्या दिशेने, एका पावलाएवढी. थांबली. दोरी फेकून ती वळून काठाला यायला जितका वेळ लागतो तितकी थांबली आणि पुन्हा एक पाऊल सरकली.

माझी होडी शेपटीशी, नदीच्या मधोमध होती. म्हणजे मी त्याच्या बरोब्बर पुढे होतो.

डेक्कर काठावरून हाका मारत होता, जेवायचं काय म्हणून. मी वल्ही उलटी मारून होडी बाजूला, काठाच्या गवतात घेतली आणि तिथे धरून ठेवली. बराच वेळ लागला. त्याला घाई नव्हती.